ओझे तेच, पाठ वेगळी! (मुलींनी मोठ्या ट्रेकसाठी सॅक कशी निवडावी?)

सुरुवातीलाच एक कबुली देते. हा लेख मी हौसेने लिहायला घेतलेला नाही. जिमखान्याच्या सरांकडे एक मागणी घेऊन गेले होते. सर म्हणाले, "तोंडी नको, नीट कारणांसकट लिहून दे." लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की ही गोष्ट फक्त सरांनी वाचून उपयोग नाही. होस्टेलमधल्या प्रत्येक मुलीला ती कळली पाहिजे, आणि ट्रेक लीडर होणाऱ्या मुलांना तर जास्तच. म्हणून अर्ज बाजूला ठेवला आणि मासिकासाठी लेख लिहिला. मागणी काय होती ते शेवटी सांगते. आधी गोष्ट.

तर झालं असं की...

डिसेंबर २०२३. सबमिशन, ओरल्स, थिअरी सगळं आटोपलं होतं. आमच्या ग्रुपने तीन दिवसांचा ट्रेक ठरवला, रतनगड ते हरिश्चंद्रगड. पहिल्या दिवशी रतनवाडीतून रतनगड आणि गडावर गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड चढायचा आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. मी त्याआधी एक-एक दिवसाचे बरेच ट्रेक केले होते. चालायची सवय होती, दमही होता. होस्टेलच्या चौथ्या मजल्यावर राहते, त्यामुळे पायांची प्रॅक्टिस तर रोजचीच!

माझ्याकडे मोठी सॅक नव्हती. जिमखान्यातून एक मिळाली. ६० लिटरची, दणकट, निळ्या रंगाची. सगळ्या सॅक एकाच मापाच्या होत्या, म्हणून निवडीचा प्रश्नच नव्हता. सामान भरलं, पाठीवर घेतली, आरशात पाहिलं. एकदम एव्हरेस्टला निघाल्यासारखी दिसत होते.

तो रुबाब अर्धा तास टिकला. अमृतेश्वराच्या देवळापासून जंगलात शिरलो आणि खांदे बोलायला लागले. कमरेचा पट्टा कमरेवर राहीना, घसरून मांडीच्या वर येऊन बसायचा. पाऊल टाकलं की मांडीला आडवा यायचा. तो वर ओढून बांधला, तर खांद्याचे पट्टे खांद्यापासून सुटून हवेत उभे राहायचे आणि सॅक मागे खेचायची. शेवटी कमरेचा पट्टा सोडून दिला आणि सगळं वजन खांद्यांवर घेतलं. शिड्यांपाशी आलो तेव्हा आणखी एक गंमत कळली. मान वर करून पुढची पायरी बघावी, तर डोकं मागच्या सॅकच्या टोपीला थटत होतं. शिडीवर वर न बघता हाताने चाचपत चढायचं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. पुन्हा शिकायची इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या चढावर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. बाटलीचं झाकण फिरवता येईना. लीडर दादाने पाहिलं आणि म्हणाला, "दे ती सॅक इकडे."

"नको दादा, जमेल."

"जमत नाहीये, दिसतंय ना! दे."

दिली. तो स्वतःची सॅक पुढे छातीवर आणि माझी पाठीवर घेऊन चालला. मी रिकाम्या हाताने मागून. त्याचा हेतू चांगलाच होता, त्याच्याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण पुढच्या सत्राच्या ट्रेकच्या नोटीसमध्ये एक ओळ आली : "मुक्कामी ट्रेक फक्त मुलांसाठी. मुलींसाठी एक दिवसीय ट्रेक आयोजित करण्यात येतील." का, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं. कारण मी होते!

महिनाभर मलाही तसंच वाटत होतं, की आपणच कमी पडलो. मग एका सुट्टीत मामेबहिणीची सॅक पाठीवर घेऊन पाहिली. तेवढंच वजन भरलं आणि तिच्या सोसायटीचे सहा मजले चढले-उतरले. खांद्यावर जवळजवळ काही नाही! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चूक माझ्या पाठीची नव्हतीच. माझी पाठ ३८ सेंटीमीटर लांब आहे आणि जिमखान्याची सॅक साधारण ५० सेंटीमीटरच्या पाठीसाठी बनवलेली होती. १२ सेंटीमीटरचा फरक! सहा नंबरचा पाय असणाऱ्याला नऊ नंबरचे बूट घालून मॅरेथॉन पळायला लावलं आणि मग म्हटलं, "बघा, याला पळता येत नाही," त्यातला हा प्रकार.

थोडं मेकॅनिक्स (घाबरू नका, व्हायवा नाही)

आपण इंजिनिअर. तेव्हा 'वाटतं' म्हणून भागत नाही, आकडे पाहिजेत. ढोबळ गणित करू.

समजा मुलीचं वजन ५२ किलो आणि भरलेल्या सॅकचं १२ किलो. म्हणजे साधारण १२० न्यूटन. सॅकचा गुरुत्वमध्य आपल्या शरीराच्या उभ्या रेषेपासून २२ सेंटीमीटर मागे असेल, तर मागे खेचणारा मोमेंट झाला १२० × ०.२२, म्हणजे २६.४ न्यूटन-मीटर. तीच सॅक पाठीला चिकटून बसली आणि अंतर १४ सेंटीमीटर झालं, तर मोमेंट १६.८ न्यूटन-मीटर. वजन एक ग्रॅमने कमी केलं नाही, तरी मागची ओढ ३६ टक्क्यांनी कमी!

ही ओढ भरून काढायला आपण पुढे वाकतो. पुढे वाकलं की कंबर दुखते, मान दुखते, नजर पायाशी राहते. दिवसभर वाकून चाललेला माणूस संध्याकाळी का चिडचिड करतो, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

आता दाब बघू. खांद्याचा पट्टा ६ सेंटीमीटर रुंद आणि त्याचा १५ सेंटीमीटर भाग खांद्याला टेकलेला धरला, तर दोन्ही मिळून क्षेत्रफळ १८० चौरस सेंटीमीटर. सगळे १२० न्यूटन तिथेच आले तर दर चौरस सेंटीमीटरला ०.६७ न्यूटन. पण कमरपट्टा नीट बसला आणि ७० टक्के वजन त्याने उचललं, तर खांद्यावर उरतात ३६ न्यूटन आणि दाब होतो ०.२. तिपटीहून जास्त फरक.

खांद्याच्या पट्ट्याखालून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं असतं. त्यावर तासन्‌तास दाब राहिला की बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, हातातली ताकद जाते. जड ओझी वाहणाऱ्या सैनिकांमध्ये हा त्रास दिसतो आणि त्याला 'रकसॅक पाल्सी' असं नावच आहे. तेव्हा मुंग्या आल्या की "थोडं सहन कर" म्हणायचं नाही. थांबायचं, सॅक उतरवायची, पट्टे पुन्हा लावायचे.

कमरेवर वजन घ्यायची कल्पना तशी फार जुनी नाही. १९५२ साली अमेरिकेत डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. शिवणकाम त्यांची पत्नी नेना करायची. चौकटीचं वजन कमरेवर देणारा पट्टा त्यांच्यामुळे लोकप्रिय झाला. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट सॅकच्या आत नेली. आज आपण वापरतो त्या बहुतेक सॅक याच वंशातल्या. फक्त बरीच वर्षं या सॅक पुरुषांच्या मापानेच बनत राहिल्या. 'बायकांसाठी' म्हणजे तीच सॅक, जरा छोटी आणि रंग गुलाबी, असाही प्रकार होता. अजूनही कुठे कुठे आहे!

कुमशेतमधली एक आजी मात्र कुठलंही पुस्तक न वाचता हे सगळं जाणून होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि ताठ मानेने चाल. मला बघून म्हणाली, "पोरी, वझं अंगाला धरून पायजे. तुझं तर मागं लोंबतंय!" चुंबळीत ओझं मणक्याच्या सरळ रेषेत येतं, मोमेंट जवळजवळ शून्य. अप्लाइड मेकॅनिक्सला मला जे कळलं नाही, ते आजीने एका वाक्यात सांगितलं.

लेडीज सॅकमध्ये वेगळं असतं तरी काय?

चार गोष्टी.

१) पाठीची लांबी. सरासरीने बायकांची पाठ पुरुषांपेक्षा आखूड असते. त्यामुळे या सॅकची मापं आखूड पाठीपासून सुरू होतात.

२) खांद्याचे पट्टे. खांदे अरुंद असतात, म्हणून दोन पट्ट्यांमधलं अंतर मानेजवळ कमी असतं. पट्टा सरळ नसून इंग्रजी 'एस'सारखा वळलेला असतो, म्हणजे तो छातीच्या बाजूने वळसा घेतो, छातीवर दाबत नाही किंवा काखेत काचत नाही.

३) कमरपट्टा. बायकांच्या कमरेखालचा भाग जास्त पसरट असतो. सरळ पट्टा बांधला तर त्याची वरची कड सुटी राहते आणि खालची कड रुतते. म्हणून हा पट्टा थोडा शंकूच्या आकाराचा, तिरपा कापलेला असतो.

४) छातीचा आडवा पट्टा. तो वर-खाली सरकवता येतो. छातीच्या वर, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर तो यायला हवा.

परदेशी कंपन्यांत एकाच सॅकची जोडी असते. ऑस्प्रेची 'ॲटमॉस' पुरुषांची तर 'ऑरा' बायकांची, 'एथर'ची जोडीदार 'एरियल'. ग्रेगरीची 'बाल्टोरो' आणि 'डेव्हा'. डॉयटरच्या सॅकवर 'एसएल' अक्षरं असली की ती बायकांच्या मापाची. डेकॅथलॉनमध्येही बायकांसाठी वेगळी मॉडेल्स येतात. पण लेबलाला भुलू नका. उंच पाठीच्या मुलीला पुरुषांची सॅक छान बसू शकते, आणि आमच्या वर्गातल्या एका सडपातळ मित्राला माझ्या बहिणीची सॅक त्याच्या स्वतःच्या सॅकपेक्षा बरी बसली. (नाव सांगत नाही, त्याने पार्टी दिली आहे.) प्रश्न मुलगा-मुलगी हा नाही, मापाचा आहे.

आधी स्वतःची पाठ मोजा

दोन मिनिटांचं काम. रूममेट आणि शिंप्याची टेप, एवढंच लागतं.

मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी एक हाड ठळक टोचतं, तिथे रूममेटला बोट ठेवायला सांगा. हा पहिला बिंदू. आता दोन्ही हात कमरेवर असे ठेवा, की तळवे बाजूच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे जातील. (आई रागावताना कमरेवर हात ठेवते ना, तसे!) दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेषा मणक्याला जिथे छेदते, तो दुसरा बिंदू. दोन बिंदूंमधलं अंतर मणक्याच्या वळणावरून टेप फिरवून मोजा. ही तुमच्या पाठीची लांबी.

ढोबळ मानाने १५-१६ इंचांपर्यंत एक्स्ट्रा स्मॉल, १६ ते १८ स्मॉल, १८ ते २० मीडियम आणि त्यापुढे लार्ज. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, तो बघूनच घ्या. पाठ मागेपुढे करता येणारी सॅक मिळाली तर उत्तम.

उंचीवरून अंदाज बांधू नका. माझी उंची ५ फूट २ इंच, रूममेटची ५ फूट ६. पण पाठ मोजली तर फरक जेमतेम दीड सेंटीमीटर! तिची सगळी उंची पायांत आहे. ती आयुष्यभर 'मीडियम' सॅक घेऊन फिरत होती आणि आपली कंबरच नाजूक आहे असं समजत होती.

दुसरं माप कमरेचं. जीन्सची कंबर इथे चालत नाही. बाजूच्या हाडांच्या वरच्या कडेवरून गोल मोजा. कमरपट्टा पूर्ण आवळल्यावरही दोन्ही बाजूंच्या गाद्यांमध्ये थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे. गाद्या एकमेकींना टेकल्या, तर पट्टा मोठा आहे, आवळायला जागाच उरली नाही.

किती लिटर? किती किलो?

दोन-तीन दिवसांच्या सह्याद्रीतल्या ट्रेकला ४० ते ५० लिटर पुरतात. हिमालयात आठवडाभर, गरम कपड्यांसकट जायचं असेल तर ५० ते ६५. त्याहून मोठी घेऊ नका. रिकामी जागा दिसली की आपण ती भरतोच. होस्टेलच्या कपाटाचा अनुभव आहेच सगळ्यांना.

वजनाचा साधा नियम असा, की भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावी. ५२ किलोला साडेदहा किलो. माझ्या तीन दिवसांच्या सामानाचा हिशोब बघा :

रिकामी सॅक १.६, स्लीपिंग बॅग १.३, मॅट ०.४, कपडे १.५, वाट्याला आलेला शिधा १.५, पाणी २, तंबू-भांडी यांतला वाटा १.५, टॉर्च, औषधं, बारीकसारीक ०.७. एकूण १०.५ किलो.

बसलं बरोबर! पण यात मेकअपचा डबा, जाड कादंबरी आणि आईने दिलेला लाडवांचा मोठा डबा नाही. (लाडू न्या, पण वाटून.) सॅक रिकामीच अडीच किलोची असेल तर हिशोब तिथेच कोलमडतो, म्हणून विकत घेताना रिकामं वजन आवर्जून विचारा. आणि सामूहिक शिधा वाटताना सगळ्यांना सारखा न देता वजनाच्या प्रमाणात द्या. ४५ किलोच्या मुलीला आणि ८० किलोच्या मुलाला सारखेच तांदूळ, हा न्याय नव्हे.

दुकानात गेल्यावर

पहिली गोष्ट, रिकामी सॅक घालून "मस्त बसली" म्हणू नका. रिकामी सॅक सगळ्यांनाच मस्त बसते. दुकानदार काकांना आठ-दहा किलो वजन भरायला सांगा. नाही म्हणाले तर आपल्या पाण्याच्या बाटल्या भरून न्या, दोन लिटरच्या चार म्हणजे आठ किलो. मग या क्रमाने घाला :

१) सगळे पट्टे सैल करा.
२) सॅक उचलून आधी मांडीवर, मग पाठीवर घ्या. झटक्याने खांद्यावर फेकू नका.
३) सगळ्यांत आधी कमरपट्टा. त्याची गादी बाजूच्या हाडांवर बसली पाहिजे, पोटावर नाही आणि मांडीवर तर नाहीच. मग आवळा.
४) खांद्याचे पट्टे खाली ओढा. ते खांद्याला सगळीकडे टेकले पाहिजेत, मध्ये पोकळी नको.
५) खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन छोटे पट्टे असतात, त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते साधारण ४५ अंशांत वर गेलेले असावेत. ते ओढले की सॅकचं डोकं पाठीकडे येतं. आडवे किंवा खाली उतरलेले दिसले, तर बहुधा सॅक पाठीला आखूड आहे.
६) शेवटी छातीचा पट्टा. श्वास अडेल इतका घट्ट नको.

आता वीस मिनिटं तशाच फिरा. जिना चढा, खाली वाका, मान पूर्ण वर करून छताकडे बघा. डोकं थटलं तर ती सॅक शिडीवर आणि कातळावर कामाची नाही. मग सोपी परीक्षा : खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवा. सहज गेली, म्हणजे वजन कमरेवर आहे. जात नसतील, तर पुन्हा क्रमांक एकपासून.

होस्टेलमध्ये उसन्या सॅकचीही हीच परीक्षा घेता येते. वजनाला ग्रेवालचं मॅथ्स आणि मशीन डिझाइनची पुस्तकं आहेतच. त्या पुस्तकांचा इतका चांगला उपयोग चार वर्षांत दुसरा झाला नाही!

बाकी पारख थोडक्यात. पाठीमागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कडक शीट आहे ना, ते दाबून बघा. नुसत्या मऊ पिशवीचा कमरपट्टा शोभेचा असतो, कारण वजन खांद्यावरून कमरेपर्यंत पोचवायला मधे काहीतरी ताठ लागतंच. चेन मोठ्या दातांची घ्या. बकल हातमोज्यांसकट उघडतंय का बघा. रेनकव्हर असलं तरी पावसाळ्यात आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यातच सामान भरा. सह्याद्रीतला पाऊस रेनकव्हरला विचारून येत नाही.

ज्या गोष्टी दुकानदार काका सांगणार नाहीत

हे मुलींना एकमेकींकडूनच कळतं, म्हणून लिहिते.

सलवारीच्या किंवा ट्रॅक पँटच्या नाडीची गाठ कमरपट्ट्याखाली येऊ देऊ नका. संध्याकाळी तिथे काळानिळा वळ उठलेला असतो. गाठ बाजूला सरकवा किंवा इलॅस्टिकची पँट वापरा. चामड्याचा बेल्ट आणि खिशातला मोबाइल, दोन्ही नकोत. आतल्या कपड्यांचा पट्टा आणि सॅकचा पट्टा एकाच जागी आले की तिथली कातडी सोलवटते, रुंद पट्ट्याचे किंवा स्पोर्ट्सचे कपडे घाला. लांब वेणी पुढे घ्या किंवा खाली सैल बांधा. डोक्यामागे अंबाडा घातला तर तो सॅकच्या टोपीला घासत राहतो आणि मान पुढे ढकलतो. ओढणी लटकती ठेवू नका, झुडपात आणि बकलमध्ये अडकते.

पाळीच्या दिवसांत कमरपट्टा पोटावर आला तर फार त्रास होतो. हाडांवर बसवला की पोट मोकळं राहतं. ओटीपोट दुखतच असेल तर पट्टा थोडा वेळ सैल करून वजन खांद्यांवर घ्या, मग पुन्हा कमरेवर. पॅडची पुडी वरच्या कप्प्यात ठेवा, पाऊस असेल तर प्लास्टिकमध्ये. वापरलेले कागदात गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि परत आणा. गडावर किंवा पाण्याजवळ टाकायचे नाहीत. आणि तारीख जवळ आली म्हणून ट्रेक सोडायचा की नाही, हे आपलं आपण ठरवावं. लीडरने नव्हे!

सामान भरणं हीसुद्धा विद्या आहे

तळाशी स्लीपिंग बॅग. त्यावर जड सामान, म्हणजे शिधा, भांडी, पाणी, पाठीला चिकटून आणि पाठीच्या मध्यावर. बाहेरच्या बाजूला कपडे, हलकं सामान. वर रेनकोट, खाऊ, औषधं. जड वस्तू बाहेरच्या खिशात घातली की वरच्या गणितातले १४ सेंटीमीटर पुन्हा २२ होतात आणि महागडी सॅकही जिमखान्याच्या सॅकसारखी वागायला लागते. मॅट, मग, चपला बाहेर लोंबकळत ठेवू नका. डावी-उजवी बाजू सारखी जड असावी, दोन बाटल्या दोन बाजूंना.

चालताना तासातासाने पट्टे थोडे बदला. चढावर खांदे जरा सैल, उतरणीवर आणि अरुंद वाटेवर सगळं घट्ट. आणि ओढा किंवा नदी ओलांडताना कमरेचं आणि छातीचं बकल उघडं ठेवा. पाय घसरला तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. सॅक दुसरी मिळते.

पैसे नाहीत, मग काय?

विद्यार्थ्यांचा लाखमोलाचा प्रश्न! चांगली सॅक स्वस्त नाही, खरं आहे. पण दहा वर्षं टिकते. तोपर्यंत उपाय आहेत. मोठ्या शहरांत ट्रेकिंगचं सामान भाड्याने मिळतं, तिथे पाठीचं माप सांगून मागा. तिघी-चौघींनी मिळून एक घ्या, पण पाठी जवळपास सारख्या असतील तरच, नाहीतर पाठ मागेपुढे करता येणारी घ्या. छातीचा पट्टा नसेल तर बॅग दुरुस्त करणाऱ्या काकांकडून शिवून घेता येतो. कमरपट्ट्याची गादी पातळ असेल तर जुन्या मॅटचा फोम आत घालता येतो. मात्र पाठच लांब असेल तर कुठलीही शिलाई उपयोगाची नाही. ती सॅक सरळ उंच मित्राला द्या आणि त्याची छोटी असेल तर मागून घ्या.

आता मागणी

जानेवारी २०२५ मध्ये मी तोच ट्रेक पुन्हा केला, मामेबहिणीची सॅक घेऊन, बाहेरच्या ग्रुपबरोबर. वजन साडेदहा किलो. रतनगडाच्या शिड्यांवर मान वर करून पुढची पायरी बघितली. कात्राबाईला दम लागला, भरपूर लागला, पण तो सगळ्यांनाच लागतो. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगडावर पोचले तेव्हा सॅक माझ्याच पाठीवर होती. काही पराक्रम केला असं नाही. माझ्यासारख्या कितीतरी मुली दर शनिवार-रविवारी हेच करतात. पण पहिल्या वेळी जे 'मुलींना झेपत नाही' म्हणून लिहिलं गेलं, ते खरं तर '५० सेंटीमीटरची सॅक ३८ सेंटीमीटरच्या पाठीला झेपत नाही' एवढंच होतं.

बचेंद्री पाल १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोचल्या. पुण्याची कृष्णा पाटील २००९ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. मुलींना झेपतं का, या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. आपल्या जिमखान्याच्या कपाटापर्यंत ते अजून पोचायचं आहे, एवढंच.

म्हणून सर, आपण सांगितल्याप्रमाणे लिहून देत आहे :

एक, पुढच्या खरेदीत निदान दोन सॅक आखूड आणि कमी-जास्त करता येणाऱ्या पाठीच्या घ्याव्यात. दोन, ट्रेकच्या आधीच्या मीटिंगमध्ये मुला-मुलींच्या, सगळ्यांच्याच पाठी मोजाव्यात. टेप मी देईन. आणि तीन, नोटीसमधली ती ओळ काढावी. त्याऐवजी हवं तर असं लिहा : "साडेदहा किलो वजन घेऊन होस्टेलचे चार मजले पाच वेळा चढून दाखवणाऱ्या कोणालाही प्रवेश." मग जे गळतील ते गळतील, मुलगे असोत की मुली.

रेक्टर मॅडम, जिन्यात पहाटे पाच वाजता पाठीवर पुस्तकं घेऊन चढणाऱ्या मुली दिसल्या तर कृपया रागावू नका. अभ्यासच चालू आहे!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)